जामीन कोण?

लग्नसराई तोंडावर आली की पेठेतल्या सराफाच्या दुकानात एक दृश्य हमखास दिसते. मुलीसाठी पाटल्या घ्यायला आलेली आई गादीवर टेकते आणि एकामागून एक प्रश्न विचारू लागते. आजचा भाव काय? हा बावीस कॅरेटचा की चोवीसचा? घडणावळ टक्क्यांवर लावता की ग्रॅमवर? उद्या मोडायला आणल्या तर तूट किती धरणार? हॉलमार्क कुठे आहे, दाखवा बरं. सराफ भिंग पुढे करतो. पाटलीच्या आतल्या अंगाला कोरलेला सहा अक्षरांचा क्रमांक ती डोळे बारीक करून वाचते, पावतीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहते आणि मगच पर्स उघडते.

त्याच आठवड्यात तीच बाई बँकेत जाते. मुदत ठेव संपलेली असते. टेबलापलीकडचा तरुण उठून खुर्ची देतो. “काकू, एफडीत आता काय राहिलंय? हे बघा, एकदम गॅरंटीड. वर्षाला एक लाख भरायचे, तेही दहाच वर्षं. विसाव्या वर्षी दुप्पट, वीस लाख हातात. वर विमा आहेच.” सराफाला पाच प्रश्न विचारून भंडावणारी ही बाई इथे एकही प्रश्न विचारत नाही. जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे तिथे सही करून घरी येते.

दोन्ही ठिकाणची बाई एकच, तिची हुशारी तीच, कष्टाचा पैसाही तोच. बदलली ती भाषा. भाव, कस, घडणावळ, तूट हे शब्द तिच्या आईकडून आणि आजीकडून तिच्यापर्यंत आले आहेत आणि त्यातल्या प्रत्येक शब्दामागे घरातले कोणीतरी कधीतरी फसल्याची आठवण आहे. बँकेतले शब्द मात्र विकणाऱ्याने आणले आणि त्यांचा अर्थही त्यानेच सांगितला. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत देशातले जेमतेम २७ टक्के प्रौढ अर्थसाक्षर ठरले. हा आकडा पुढे करून उरलेल्या ७३ टक्क्यांना अडाणी ठरवले जाते, ते अन्यायाचे आहे. त्यांतल्या पुष्कळांना पैशाचे व्यवहार उत्तम कळतात. गुंतवणुकीचे शब्द त्यांच्या ओळखीच्या व्यवहारांशी कोणी जोडून दिलेले नाहीत, एवढेच.

आधी त्या वीस लाखांचा हिशेब करू. दहा वर्षे दरवर्षाच्या सुरुवातीला एक लाख भरले आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी वीस लाख मिळाले, तर मिळालेला दर वर्षाला साधारण साडेचार टक्के पडतो. पहिला लाख वीस वर्षे तिथे होता, शेवटचा अकरा वर्षे. सरासरीने प्रत्येक रुपया साडेपंधरा वर्षे अडकून पडला आणि तेवढ्या काळात दुप्पट झाला. हेच दहा लाख त्याच तारखांना भविष्य निर्वाहाच्या सार्वजनिक खात्यात, म्हणजे पीपीएफमध्ये भरले असते आणि २०२० पासून चालत आलेला ७.१ टक्के दर तसाच राहिला असता, तर विसाव्या वर्षी साडेएकोणतीस लाखांच्या आसपास रक्कम झाली असती. दोन्हींतला फरक साडेनऊ लाखांचा आहे. खोटे कोणीच बोलले नाही. ‘गॅरंटीड’ खरे होते आणि ‘दुप्पट’ही खरे होते.

‘दुप्पट’ या शब्दाची मोहिनी मराठी घरात जुनी आहे. १९८८ साली किसान विकास पत्र आले तेव्हा पोस्टात ठेवलेले पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. एका पिढीच्या मनात तो शब्द तिथेच घट्ट बसला. आज तेच पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने घेते. ७२ ला वर्षांनी भागले की व्याजाचा दर अंदाजे कळतो, हा बहात्तरचा हिशेब बोटांवर करता येतो. साडेपाच वर्षांना तेरा टक्के, साडेनऊ वर्षांना साडेसात, साडेपंधराला साडेचार. ‘दुप्पट’ हा शब्द कानावर पडताच ‘किती वर्षांत?’ हा प्रश्न तोंडातून निघाला पाहिजे. चक्रवाढ व्याज शाळेत आठवीच्या गणितात सगळ्यांनी केलेले असते. त्या सूत्राला घरची पॉलिसी दाखवायची तेवढी राहून गेली.

मराठी माणसाची कर्जाची भाषा मात्र पक्की आहे. मुद्दल, व्याज, तारण, गहाण, हप्ता, थकबाकी, उसनवारी या शब्दांचा अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही. त्यातही ‘जामीन’ हा शब्द तर अंगावर काटा आणणारा. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेल्या आणि पुढे स्वतःच्या पगारातून त्याचे हप्ते फेडत बसलेल्या एखाद्या काकांची गोष्ट गावोगाव ऐकू येते. त्यामुळे कोणी सहीसाठी कागद पुढे केला की खेड्यातला निरक्षर म्हाताराही विचारतो, जामीन कोण राहतंय? बुडालं तर भरायचं कोणी? पतपेढीच्या कर्जाच्या अर्जावर दोन जामीनदारांच्या सह्या लागतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तोच माणूस पैसे द्यायला निघाला की ‘गॅरंटीड’ हा शब्द ऐकून निश्चिंत होतो. गॅरंटी म्हणजे जामीनकीच. मग जामीन कोण, हा प्रश्न इथे का पडू नये?

शब्दांची ही काळजी मराठीला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अर्थशास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘अर्थशास्त्रपरिभाषा’. विषय मराठीत रुजवायचा तर आधी शब्द नीट लावून द्यावे लागतात, ही जाण त्या नावातच दिसते. नंतरच्या काळात सावकारी, सहकार आणि शेती यांची भाषा मराठीत वाढत राहिली. शेअर, फंड, विमा यांची भाषा मात्र मुंबईच्या कचेऱ्यांतून इंग्रजीतच घरी आली. तिच्यासाठी घडवलेले सरकारी प्रतिशब्द इतके जड होते की ते कागदावरच राहिले. ‘म्युच्युअल फंड’ला ‘म्युच्युअल फंड’ म्हणण्यात काही वावगे नाही. गरज आहे ती त्या शब्दाच्या मागचा व्यवहार ओळखीच्या मराठीत मांडण्याची.

आणि व्यवहार मुळात दोनच आहेत. एक, कोणाला तरी पैसे उसने देणे. दोन, कोणाच्या तरी धंद्यात भागीदार होणे. बँकेतली ठेव, पोस्टाचे पत्र, कंपनीचे रोखे, डेट फंड ही सगळी उसनवारी. शेअर आणि इक्विटी फंड ही भागीदारी. सोने आणि घर या वस्तू आहेत, आणि विमा ही संकटाची वर्गणी आहे. नव्या जाहिरातीतले कोणतेही नाव यांपैकी कुठल्या ना कुठल्या घरात बसते. बसत नसेल किंवा दोन घरांत एकदम बसत असेल, तर सही करायची घाई करू नये. उसने देणारा विचारतो: घेणारा कोण? परत कधी? बुडाले तर कोण भरणार? भागीदार होणारा विचारतो: धंदा काय? नफा कुठून येतो? मधला माणूस आपला वाटा किती काढतो? हे प्रश्न कुठल्या अभ्यासक्रमातून आणायचे नाहीत. ते घरातच आहेत.

‘ठेव’ हाच शब्द घेऊ. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदारांना सहा महिन्यांत मिळून फक्त एक हजार रुपये काढता येतील असे सांगितले. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, तरी तोवर औषधपाण्याचे आणि मुलांच्या फीचे पैसे अडकले होते. निवृत्तीची सगळी पुंजी तिथे ठेवलेली माणसे शाखांच्या बंद दारांपुढे उभी राहिली. त्या वेळी ठेवींचा विमा माणशी एक लाखाचाच होता आणि तो १९९३ पासून तेवढाच होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाख झाला. पुढे २०२२ च्या जानेवारीत ही बँक एका स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि पाच लाखांच्या वरची रक्कम परत मिळण्यासाठी मोठ्या ठेवीदारांपुढे काही वर्षांचे, काहींच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंतचे वेळापत्रक ठेवले गेले.

इथे जामीन कोण, या प्रश्नाचे नेमके उत्तर आहे: ठेव विमा महामंडळ. पाच लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेत एका माणसाला. एकाच बँकेच्या चार शाखांत चार पावत्या केल्या तरी विमा एकदाच पाच लाखांचा, हे पुष्कळांना ठेव अडकल्यावर कळते. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला या महामंडळाचा विमाच नाही. महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यात पतसंस्था आहेत. पाटीवर ‘ठेव’ हाच शब्द आहे, पावतीही तशीच आहे, दर बँकेपेक्षा एक-दीड टक्का जास्त. त्यांतल्या अनेक चांगल्या चालल्या आहेत आणि त्यांनी गावाला उभे केले आहे. पण तो जास्तीचा दीड टक्का जामीन नसल्याचा मोबदला आहे, हे ठेवीदाराला पैसे ठेवण्याआधी कळायला हवे. कळूनही ठेवायचे असतील तर जरूर ठेवावेत, पण सगळे नकोत.

शब्दाने किती अनर्थ होतो याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२० सालचे आहे. मार्च महिन्यात येस बँक अडचणीत आली आणि तिची पुनर्रचना करताना ८,४१५ कोटी रुपयांचे ‘अ‍ॅडिशनल टिअर वन’ रोखे शून्य किमतीचे ठरवण्यात आले. बँक वाचली, ठेवीदार वाचले. रोखेधारकांचे सगळे गेले. हे रोखे मोठ्या संस्थांसाठी बनलेले. मुदत नाही, बँक संकटात आली तर मुद्दलही पुसले जाऊ शकते, अशी त्यांची अटच. पण घेणाऱ्यांत बँकेचे साधे, वयस्क खातेदारही होते. ते रोखे त्यांच्यापुढे ‘सुपर एफडी’ म्हणून मांडले गेले, असे भांडवल बाजाराचा नियामक असलेल्या सेबीने एप्रिल २०२१ च्या आदेशात नोंदवले. रोखे रद्द करण्यावरून आणि त्या आदेशावरून पुढे न्यायालयीन लढाया झाल्या. त्यांचा निकाल काहीही लागो, ते दोन शब्द विसरता येत नाहीत. ‘एफडी’ म्हणजे परत मिळणारच, ही खात्री मराठी घराने पिढ्यान्‌पिढ्या बाळगली आहे. त्या खात्रीला ‘सुपर’ जोडले की प्रश्न विचारायची इच्छाच मरते. उसने देणाऱ्याचा एकच प्रश्न, ‘परत कधी?’, तिथे विचारला गेला असता तर ‘मुदतच नाही’ हे उत्तर द्यावे लागले असते.

शब्द बदलल्याने शहाणपण येते याचाही दाखला आहे. म्युच्युअल फंडांत ‘डिव्हिडंड’ नावाचा पर्याय होता. मराठीत लाभांश. घरच्या पैशाला बसल्या जागी लाभ मिळतो आहे, असे वाटून निवृत्त माणसे तो आवडीने घेत. प्रत्यक्षात पन्नास रुपयांच्या युनिटमधून पाच रुपये वाटले की युनिट पंचेचाळीसचे होते. आपलेच पैसे आपल्या एका खिशातून दुसऱ्या खिशात येतात. १ एप्रिल २०२१ पासून सेबीने या पर्यायाचे नावच बदलायला लावले: ‘उत्पन्नाचे वाटप आणि भांडवलाची उचल’ अशा अर्थाचे लांबलचक, बोजड नाव. ऐकायला वाईट आहे, पण खरे आहे. ‘उचल’ हा शब्द ऊसतोड कामगारापासून कारकुनापर्यंत सगळ्यांना कळतो. उचल म्हणजे आपल्याच पुढच्या पैशातून आज घेतलेले, हे कोणाला सांगावे लागत नाही.

याच फंडांमध्ये ‘रेग्युलर’ आणि ‘डायरेक्ट’ असे दोन प्रकार आहेत. डायरेक्ट १ जानेवारी २०१३ पासून आला. ज्यात वितरकाचे कमिशन दरवर्षी कापले जाते, तो ‘रेग्युलर’, म्हणजे नेहमीचा. नाव ऐकून कोणाला वाटावे की हाच साधा आणि बरोबर. पाटल्यांची घडणावळ विचारणारी बाई फंडाची घडणावळ विचारत नाही, कारण ती पावतीवर वेगळी लिहिलेली नसते. रोजच्या भावातूनच कापली जाते. समजा, महिन्याला दहा हजार रुपये पंचवीस वर्षे भरले. कापाकापीनंतर वर्षाला बारा टक्के पडले तर साधारण एक कोटी नव्वद लाख होतात, अकरा टक्के पडले तर एक कोटी एकोणसाठ लाख. बाजार कोणालाही अकरा-बाराचा शब्द देत नाही, हा केवळ हिशेब. पण त्या एका टक्क्याने नेलेली रक्कम तीस लाखांच्या वर जाते, आणि पंचवीस वर्षांत बाईने खिशातून भरलेले पैसेही तीस लाखच. बाजार कोसळला असताना रात्री फोन उचलून ‘थांबा, विकू नका’ म्हणणारा प्रामाणिक वितरक हे पैसे कमावतो, आणि अनेकांना तसा माणूस लागतोच. पण घडणावळ देतो आहोत हे माहीत असावे आणि कारागिरी दिसावी.

आता ‘एसआयपी’. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरातून एका महिन्यात एसआयपीने येणारी रक्कम पहिल्यांदा पंचवीस हजार कोटींच्या वर गेली. गावाकडच्या तरुणापर्यंत हा शब्द पोचला, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. तरी लोक बोलताना म्हणतात, “मी एसआयपी घेतली.” एसआयपी ही घेण्याची वस्तू नाही, हप्त्याने भरण्याची पद्धत आहे. हप्त्याने टीव्हीही घेता येतो आणि फंडही. कुठल्या फंडात, कशासाठी, किती वर्षे, हे प्रश्न उरतातच. ते न विचारल्यामुळे मुलाच्या पुढच्या वर्षीच्या फीचे पैसे शेअर बाजारात लावले जातात आणि नेमके प्रवेशाच्या महिन्यात बाजार पडतो.

यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो वजनदार आहे. शब्द कळले म्हणजे माणूस वाचतो का? पुण्या-मुंबईच्या लोकलमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर स्ट्राइक, प्रीमियम, थीटा, एक्सपायरी हे शब्द सफाईने बोलणारी मुले आज भेटतात. परिभाषा त्यांना तोंडपाठ आहे. पण सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा केला. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. म्हणजे शब्दांचे पाठांतर कामाला आले नाही.

पण जुना प्रश्न इथेही विचारून पाहावा: समोर कोण आहे? ऑप्शनच्या सौद्यात एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटा असतो. दोघे मिळून दलाली आणि कर भरतात, म्हणजे दोघांचे मिळून थोडे कमीच होते. मग हे हरलेले पैसे कोणाकडे गेले? त्याच अभ्यासात उत्तर आहे. २०२३-२४ या एका वर्षात खर्च धरण्याआधी दलाल पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले, आणि परदेशी संस्थांचा जवळजवळ सगळा नफा संगणकाने आपोआप चालवलेल्या सौद्यांतून आला. कोल्हापूरच्या खोलीत मोबाइलवर बसलेल्या मुलाच्या समोरच्या बाजूला हे होते. कुस्तीच्या आखाड्यात उतरण्याआधी समोरचा गडी कोण, त्याचे वजन किती, हे पाहणारी माणसे आपण. इथे ते पाहायचे राहून गेले. बोलायचे शब्द त्या मुलाला आले होते, विचारायचे प्रश्न आले नव्हते. घात झाला तो तिथे.

टक्क्याचेही तसेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस या दुकानापुढे हजारो लोकांची गर्दी जमली. कृत्रिम खडे घ्या, दर आठवड्याला टक्क्यांनी पैसे मिळतील, असे सांगून तिथे रकमा घेतल्या गेल्या होत्या. आठवड्याला सहा टक्के आणि त्याहूनही जास्त. त्यांत भाजीवाले होते, नोकरदार होते, शिकलेलेही होते. आठवड्याला सहा टक्के म्हणजे व्याजावर व्याज धरून वर्षात एका लाखाचे वीस लाख. जगात असा कुठला धंदा आहे? नव्या माणसाचे पैसे जुन्याला देऊन दिलेला शब्द पाळल्यासारखे दाखवायचे, ही युक्ती बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने १९२० साली वापरली. त्याचे आमिष पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्क्यांचे होते. शंभर वर्षांत आमिषाचे नाव बदलले, टक्क्यांचे गणित तेच राहिले. ‘नफा कुठून येतो?’ या भागीदाराच्या प्रश्नाला तिथे कोणाकडेच उत्तर नव्हते.

कर्ज घेतानाही टक्का असाच फसवतो. एक लाखाचे कर्ज, तीन वर्षे, बारा टक्के ‘फ्लॅट’. व्याज छत्तीस हजार, हप्ता ३,७७८ रुपये. ऐकायला बारा टक्के. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या लाखावरच चालू राहते, म्हणून खरा दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. या बाबतीत नियम थोडा सुधारला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्त कंपन्यांनी कर्जदाराला एक तथ्यपत्रक द्यायचे आहे, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहायचा आहे, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असले पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची अट आहे. ही अट मोठी आहे. मराठी कर्जदाराने मराठी पत्रक मागायला अजिबात संकोचू नये. कर्ज घेताना समजेल अशा भाषेचा हक्क मिळाला, तसाच तो पैसे गुंतवतानाही प्रत्येक ठिकाणी मिळायला हवा.

एवढे कळल्यावर नियोजन म्हणजे काय उरते? जुन्या घरात स्वयंपाकघराच्या फळीवर डबे असत किंवा कपाटात पाकिटे असत: दूधवाला, भाडे, फी, भिशी, आजारपण. पगार झाला की आधी पाकिटे भरायची. आजारपणाच्या पाकिटाला सणासुदीलाही हात लागत नसे. वित्तीय नियोजनाच्या जाड पुस्तकांत याहून वेगळे फार थोडे आहे. सहा महिन्यांचा घरखर्च लगेच काढता येईल असा बाजूला, मग घरच्यांचा आरोग्य विमा, मग कमावत्या माणसाच्या जिवावर मुदतीचा विमा. ‘टर्म इन्शुरन्सचे पैसे परत मिळत नाहीत’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. स्कूटरच्या विम्याचे पैसेही परत मिळत नाहीत आणि अपघात झाला नाही म्हणून कोणी हळहळत नाही. विमा आणि बचत एकाच पाकिटात घातली की दोन्ही अर्धवट राहतात. वरच्या वीस लाखांच्या हिशेबातला साडेचार टक्के त्यातूनच निघाला. मोनिका हालन, रेणुका साने आणि सुझन थॉमस यांनी केलेल्या एका अभ्यासात २००४-०५ ते २०११-१२ या काळात चुकीच्या विमा विक्रीमुळे गुंतवणूकदारांचे झालेले नुकसान सुमारे दीड लाख कोटी रुपये इतके आजमावले होते. हे पैसे कुठल्या तरी एका भामट्याने नेलेले नाहीत. ते लाखो घरांतून, एकेका सहीने गेले.

एक शब्द मात्र शेवटपर्यंत मागे राहतो, आणि तो कळायच्या वेळी विचारणारा माणूस घरात नसतो. तो शब्द ‘नॉमिनी’. बहुतेक घरांत नॉमिनी म्हणजे वारस असे धरून चालतात. ज्यांचे कॅलेंडर मराठी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागते त्या ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर २०१३ साली गेले, त्यांनी मृत्युपत्र केलेले होते. त्यांच्या गुंतवणुकींवरून उभा राहिलेला नॉमिनीच्या हक्काचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की कंपनी कायद्याखालची नोंद नॉमिनीला मालक करत नाही. मालमत्ता मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच जाते. नॉमिनी हा पैसे स्वीकारून योग्य माणसांपर्यंत पोचवणारा. मराठीत याला ‘विश्वस्त’ हा चांगला, जुना शब्द आहे. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर पैशांचे हक्कदार तेच ठरतात. म्हणजे एकच शब्द, दोन ठिकाणी दोन अर्थ. भावाचे नाव लग्नाआधी लिहिलेले आणि नंतर बदलायचे राहून गेलेले, असे किती अर्ज बँकांच्या कपाटांत असतील! बायकोला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत असे वाटणाऱ्याने एका रविवारी सगळ्या पावत्या काढून बसावे आणि मृत्युपत्राचे दोन कागद करून टाकावेत.

त्या बाईची पॉलिसी पंधरा-वीस दिवसांत कुरिअरने येते. जाड पाकीट, आत चकचकीत फोल्डर, बारीक अक्षरांची चाळीस पाने. सही दारातच होते, पाकीट न फोडता कपाटावर जाते, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या गुंडाळीशेजारी. आत, पहिल्या काही पानांतच, कोणत्या वर्षी किती भरायचे आणि केव्हा किती मिळणार याचा तक्ता असतो. पॉलिसी पसंत नसेल तर परत करण्याची सोयही लिहिलेली असते. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी तीस दिवस मिळतात, आणि थोडी कपात होऊन बाकीचा हप्ता परत येतो. ते तीस दिवस कागद हातात पडल्यापासून मोजायचे. कुरिअरच्या चिठ्ठीवर तारीख असते. पाकीट खाली काढून मुलीला शेजारी बसवायचे, तक्त्यातला वीस लाखांचा आकडा शोधायचा आणि बहात्तरला साडेपंधराने भागायचे.